मामाच्या नळ्या साफ निघाल्या

आमचा तेलाचा घाणा आहे. निपाणी-चिकोडी पट्ट्यात एका गावात, गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण गिऱ्हाईक वाचतील आणि पुढं जे लिहिलंय त्यावरनं दुकानात येऊन माझ्याशी वाद घालतील. आजोबांच्या वेळी बैल फिरायचा, आता मोटर आहे, पण उखळ आणि लाट अजून लाकडाचीच. शेंगदाणा बारा महिने, सीझनला अथणीकडनं करडई येते, कुणी जवस नाहीतर तीळ आणून दिलं तर तेही काढून देतो. आणि दिवसाला किमान दोन जण तरी विचारतात, हार्टला कुठलं तेल चांगलं? कानडी गिऱ्हाईक असलं तर "हार्टिगी याव एण्णी छलो री?" दोन्ही भाषांत हार्ट ते हार्टच. सीमाप्रश्न एवढ्या वर्षांत सुटला नाही पण ह्या एका शब्दावर दोन्हीकडची मंडळी एकमतात आहेत.

बाबांचं उत्तर ठरलेलं. "आमचं."

मीपण दहा वर्षं तेच उत्तर देत आलो. बेळगावात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलेला माणूस मी, फॅटी अॅसिडच्या, म्हणजे तेल-चरबी ज्याची बनलेली असते त्याच्या, रचना परीक्षेत काढून आलोय, पण पोटात गेलेलं तेल हृदयाच्या त्या मांसाचं नेमकं काय करतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. नळीत चरबी साठते, नळी तुंबते, अॅटॅक येतो. संपलं. सगळ्यांना एवढंच माहीत असतं, मलापण एवढंच. मग मामाचं झालं.

मामा संकेश्वरला असतो. वय ५४, साखर गेली बारा वर्षं. दारू नाही, सिगरेट नाही, तंबाखूच्या पट्ट्यात राहून तंबाखूला हात लावलेला नाही हे तो स्वतःच दर लग्नात सांगतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर जिना चढताना दम लागायला लागला. आधी आम्ही म्हणालो पोट सुटलंय, चालत जा की जरा. मग पाय सुजायला लागले, चपलेचा पट्टा बसेना. मग रात्री आडवं झालं की जीव घाबरा, दोन उश्या, मग तीन, शेवटी खुर्चीत बसून झोपायला लागला तेव्हा मामीनं मला फोन केला आणि आम्ही गाडी काढून सरळ बेळगाव गाठलं.

तिथं सिस्टर विचारतेय "एदी नोवू ऐतेन्री?" आणि मामा मराठीतनं "छातीत काही नाही हो बाई, दम, दम लागतोय", असं पाच मिनिटं चाललेलं. मामाला कानडी उत्तम येतं खरं तर, बाजारात भाव करताना अस्सल बोलतो, पण घाबरला की माणूस आईच्या भाषेत जातो हे त्या दिवशी बघितलं.

टूडी इको केला, हृदयाची सोनोग्राफीच म्हणा. इएफ ३५. म्हणजे हृदयाचा डावा कप्पा भरला की त्यातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकतो त्याची टक्केवारी, चांगल्या माणसाचं ५५-६०च्या आसपास किंवा थोडं वर असतं. सगळ्यांचे चेहरे उतरले. दुसऱ्या दिवशी मनगटातनं अँजिओग्राफी. आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नळ्या साफ आहेत. मामीनं तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला, "ब्लॉकेज नाही गं, देवीनं ऐकलं", आणि ती फोनवर असतानाच डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं, "पण पंप दमलाय."

नळ्या साफ आणि पंप दमलाय. हे काय असतंय?

घरी आल्यावर मात्र कुणाला हा प्रश्न पडला नाही. सगळ्यांचं निदान तयार होतं. आक्का म्हणाली रविवारचं मटण, तात्या म्हणाले भज्याच्या गाड्यावर रोज थांबत होता मी स्वतः बघितलंय, आणि शेजारच्या काकूंनी तर सरळ आमच्याकडं बोट दाखवलं, भाचा तेलवाला, फुकटचं तेल, अजून काय होणार. (फुकट नाही हो काकू. मामी पैसे देते, उधारीवर का होईना देते.) मामीनं दुसऱ्या दिवसापासनं घरातलं तेल बंदच केलं. फोडणी नाही, उकडलेली भाजी, कोरडी भाकरी, शेंगदाण्याची चटणीसुद्धा बंद, त्यात तेल असतंय म्हणून. आणि मामाला भूक लागली की चहा आणि बेकरीतली खारी. खारी हलकी असते ना. हातात घेतली तर वजनच लागत नाही.

खारीवर नंतर येतो.

तर मी वाचायला लागलो. रात्री घाणा बंद झाल्यावर फोनवर, अर्धं कळायचं अर्धं नाही, तरी बीएस्सीचं काहीतरी कामाला आलं. आणि पहिली गोष्ट कळली ती ही की आपण ज्याला "हार्टचा त्रास" म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबलेल्या असतात. एक, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या. दोन, हृदयाचं स्वतःचं मांस, जे आकुंचन पावतं, म्हणजे खरा पंप. आहारातली चरबी दोन्हीवर परिणाम करते पण वेगवेगळ्या वाटेनं.

नळ्यांचं सगळ्यांना थोडंफार माहीत आहे म्हणून पटकन सांगतो. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल कोलेस्ट्रॉल रक्तातनं ओढून घेणारे रिसेप्टर असतात, ते शोधले ब्राउन आणि गोल्डस्टाइन ह्या दोघांनी, १९८५चं नोबेल त्यांना मिळालं. संपृक्त चरबी, म्हणजे थंडीत गोठते ती, लोणी-तूप-पाम-खोबरेल ह्यातली, जास्त खाल्ली की हे रिसेप्टर कमी होतात, एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं नळीच्या भिंतीत मुरत जातं. एक दिवस तो गाठोडा फुटतो, वर रक्ताची गुठळी, मागचं मांस उपाशी, तोच अॅटॅक. आपल्या भागातल्या लोकांना हे लवकर होतं, ५२ देशांचा एक मोठा अभ्यास आहे इंटरहार्ट नावाचा, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अॅटॅकचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत साधारण ५९. मामाचं वय ५४ आहे म्हणून हा आकडा डोक्यात बसलाय. पण मामाला हे झालेलंच नव्हतं.

आता मांस. इथं मला खरी गंमत वाटली.

हृदय मुळात चरबीवरच चालतं. आपण आयुष्यभर ऐकत आलो चरबी हृदयाची दुश्मन, आणि त्या बिचाऱ्याचं मुख्य सरपणच ते. हृदयाला लागणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून बराच जास्त भाग, ६० ते ७० टक्के धरा, फॅटी अॅसिड जाळून येतो, बाकीचा साखर, लॅक्टेट (साखर अर्धवट मोडून होतं ते), थोडे कीटोन (लिव्हर चरबीपासनं बनवतं ते). रिचर्ड बिंग म्हणून एक डॉक्टर होते, त्यांनी १९४०-५०च्या दशकात जिवंत माणसाच्या हृदयातनं परत येणाऱ्या रक्ताच्या शिरेपर्यंत नळी सरकवून आत जाणारं आणि बाहेर येणारं रक्त दोन्ही तपासलं, म्हणजे हृदय काय खातंय आणि काय ठेवतंय ते सरळ मोजलं. दुकानात गल्ला मोजतो तसं, सकाळी किती होते रात्री किती राहिले.

आणि खातं किती! तीनशे ग्रॅमचा तो गोळा दिवसाला एक लाख ठोके देतो आणि त्यासाठी दिवसभरात साधारण सहा किलो एटीपी बनवून खर्च करतो. एटीपी म्हणजे पेशीतली सुटी नाणी समजा, तीच तीच परत परत फिरतात. साठा किती, तर काही सेकंदांचा. बँकेत शिल्लक नाही, रोजची मजुरी रोज. म्हणून हृदयाच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसत्या मायटोकॉन्ड्रियांनीच भरलेला असतो, म्हणजे भट्ट्यांनी. लांबट फॅटी अॅसिड त्या भट्टीच्या दारात आलं की त्याला कार्निटीन नावाच्या हमालाच्या पाठीवर बसवून आत न्यावं लागतं, आणि त्या दारावर वॉचमन आहे. साखर भरपूर असली आणि इन्शुलिन आलं की वॉचमन दार लोटून घेतो, उपाशी असलं की सताड उघडतो. चांगलं हृदय असं दिवसातनं कितीतरी वेळा सरपण बदलत असतं, जेवल्यावर साखरेकडं झुकायचं, रात्री चरबीकडं. इंग्लंडात फिलिप रँडल यांनी १९६३ला हे साखर-चरबीचं रस्सीखेच मांडलं.

मग बिघडतं कुठं? बिघडतं ते हृदय चरबी खातं म्हणून नाही, जाळण्यापेक्षा जास्त आत येते तेव्हा.

हे मला घाण्यावरनं लगेच कळलं. उखळात दाणे मापानं टाकायचे असतात. नवा पोरगा कामाला लागला की हमखास जास्त ओततो, काम लवकर उरकेल म्हणून. लाट जड होते, मोटर गुरगुरायला लागते, तेल वेगळं सुटत नाही, पेंड वेगळी होत नाही, नुसता तेलकट लगदा होऊन बसतो आणि मग सगळं हातानं खरवडून काढा. दाणे वाईट होते का? नाही. घाणा वाईट होता का? नाही.

डायबेटिसवाल्या हृदयाचं असंच होतं. इन्शुलिनचं कुणी ऐकेनासं झालं की साखर आत घ्यायचं दार जाम, आणि दुसरीकडं पोटावरच्या चरबीला जे इन्शुलिन "थांब, आत्ता सोडू नको" म्हणून दाबून ठेवत असतं तेपण सैल पडतं. चरबी सुटते, रक्तात फॅटी अॅसिडचा पूर. हृदयाच्या पेशीच्या भिंतीवर ती आत घेणारे जे दरवाजे आहेत ते कायमचे उघडे राहतात. हृदय बिचारं जवळजवळ पूर्ण चरबीवरच यायला लागतं, सरपण बदलायची सवयच मोडते. तोटा दोन बाजूंनी. एक म्हणजे चरबी जाळायला तेवढ्याच ऊर्जेसाठी साखरेपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऑक्सिजन लागतो. आणि दुसरं, जी जळत नाही ती पेशीत थेंब थेंब होऊन साठते. थेंब स्वतः तसे गरीब, पण त्यातनं सेरामाइडसारखे पदार्थ बनायला लागतात, ते पेशीचं काम बिघडवतात, इन्शुलिनचं ऐकणं अजून कमी करतात, पेशी मरतातसुद्धा. त्या जागी चिवट धागे येतात. हृदय आधी ताठ होतं, नीट सैल पडत नाही, मग पुढं ताकदच कमी होते. नळीचा ह्यात काही संबंध नाही.

१९७२ला रुबलर आणि त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांनी चार डायबेटिसवाल्यांचं शवविच्छेदन करून लिहिलं होतं, चौघांची हृदयं निकामी झालेली, पण नळ्या त्याला कारण नव्हत्या. चार माणसं. वाचताना मला वाटलं, मामा पाचवा. नंतर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांचा हिशेब आला, १९७४ला, डायबेटिस असलेल्या पुरुषांना हार्ट फेल्युअर, म्हणजे हेच पंप दमणं, इतरांपेक्षा दुपटीहून जास्त आणि बायकांना पाचपट. बायकांचा आकडा बघून मी आईची शुगर तपासून आणली. (काठावर आहे. ऐकत नाही.)

डॉक्टरांकडं पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मी हे सगळं ओतलं. डॉक्टर हसले, म्हणाले बरंच वाचलंयस, पण मामाचं एकट्या साखरेनंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, बीपीपण थोडं आहे, कधी साधा व्हायरल होऊनसुद्धा हृदय असं दमतं, तरी ह्या माणसात साखरेचा हात मोठा. मग मी मूळ प्रश्न विचारला. ही जी चरबी हृदयात शिरली ती आली कुठनं, तेलातनं का? तर म्हणाले, तुमचे मामा दिवसाला चहा किती घेतात?

सहा. साखरेसकट. बारा वर्षं शुगर असून. आणि बेळगावला गेलं की पाव किलो कुंदा, आणि गोकाकचं करदंट घरात कायम, "ते ड्रायफ्रूट आहे" म्हणून. मामाच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, ३१० होतं, १५०च्या आत पाहिजे. जादाच्या साखरेची लिव्हर चरबीच बनवतं आणि रक्तात सोडतं. म्हणजे आम्ही रविवारच्या मटणावर फिर्याद दाखल करून बसलो होतो आणि रोजचा चहा साक्षीदार म्हणून मजेत बसलेला.

पण म्हणून तेलातूप सुटलं असं नाही. माझ्या धंद्याच्या सोयीचं आहे म्हणून असं लिहून मोकळा झालो असतो, पण नाही. स्वीडनमध्ये २०१४ला एक प्रयोग छापून आला, ३९ सडपातळ तरुण माणसं, सात आठवडे रोज जास्तीचे मफिन खायला घातले, अर्ध्या लोकांचे पाम तेलातले, अर्ध्यांचे सूर्यफुलातले. वजन दोघांचं सारखंच वाढलं, दीड किलोच्या आसपास. पण पामवाल्यांच्या लिव्हरमध्ये आणि पोटात आत चरबी जास्त साठली. जास्त खाणं दोघांचं सारखं, पण चरबी कुठली ह्यानं फरक पडला. हा लिव्हरचा प्रयोग, हृदयाचा नाही, पण पामात जे पामिटिक अॅसिड असतं, ४०-४५ टक्के, त्याच्यापासनंच शरीर ते सेरामाइड बनवायला सुरुवात करतं, त्यामुळं धागा जुळतो.

आणि मफिन म्हणजे काय, आपली खारीच की.

आता खारी. पापुद्रे सुटायला घट्ट चरबी लागते, पातळ तेलात पापुद्रा सुटत नाही, हे कुठल्याही बेकरीवाल्याला विचारा. म्हणजे लोणी, नाहीतर वनस्पती तूप, आणि लोणी ह्या भावात कोण घालणार. पूर्वी वनस्पती तुपात ट्रान्स फॅट मायंदाळ असायचं, द्रव तेलात हायड्रोजन घालून गोठवताना ते तयार होतं, आणि ते संपृक्तपेक्षाही वाईट, एलडीएल वाढवतं वर चांगलं एचडीएल कमी करतं. सरकारनं मर्यादा खाली आणत आणत जानेवारी २०२१ला ३ टक्के आणि जानेवारी २०२२ला २ टक्क्यांवर आणली. चांगलं झालं. पण ट्रान्स गेलं तरी घट्टपणा लागतोच, आणि तो येतो पामातनं. म्हणजे मामी घरात शेंगदाणा तेलाची फोडणी बंद करून त्याला दिवसाला आठ खाऱ्या चारत होती. मी हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं अशी बघितली जणू मीच खारीची बेकरी काढलीय. "हलकी असते की रे ती." होय मामी. हलकी असते.

करडईचंही सांगायलाच पाहिजे कारण त्यात माझी स्वतःची फजिती आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाची एक खास चरबी असते, बैलाच्या हृदयातनं पहिल्यांदा काढली म्हणून नावात कार्डिओ. भट्टीची यंत्रं जागेवर धरून ठेवणारे खिळेच म्हणा. माणसाच्या हृदयात ह्या कार्डिओलिपिनच्या चारी बाजूंना बहुतेक लिनोलेइक अॅसिडच असतं, जे शरीर स्वतः बनवत नाही, खाण्यातनंच यावं लागतं. आणि लिनोलेइक सगळ्यात जास्त कशात? करडईत! ७० टक्क्यांच्या वर. आमच्या करडईत! त्या रात्री मी उठून बसलो, बाबांना उठवलं नाही एवढंच, डोक्यात बोर्ड तयार झाला होता, हृदयाच्या भट्टीचं तेल, कुसुबी एण्णी, दोन्ही भाषांत लिहायचा, वर मराठी की वर कानडी ह्याचं टेन्शन वेगळं.

दुसऱ्या दिवशी पुढं वाचलं आणि सिडनीचा अभ्यास समोर आला. १९६६ ते १९७३, हृदयाचा झटका वगैरे येऊन गेलेले ४५८ पुरुष, त्यातल्या एका गटाला लोण्याच्या जागी करडईचं तेल आणि करडईचंच मार्जरीन (तेलापासनं बनवलेलं नकली लोणी) भरपूर दिलं. कोलेस्ट्रॉल उतरलं. आणि माणसं मेली जास्त. जुना डेटा शोधून काढून २०१३ला परत हिशेब मांडला तेव्हा हृदयविकाराचे मृत्यूसुद्धा करडईच्याच गटात जास्त निघाले. त्या मार्जरीनमध्ये ट्रान्स फॅट होतं का आणि किती ह्यावर तज्ज्ञ अजून भांडतात, आणि दुसऱ्या बऱ्याच अभ्यासांत लिनोलेइक बरंच ठरलंय. पण माझा बोर्ड गेला. खिळ्यांना जेवढं लिनोलेइक लागतं तेवढं शेंगदाणा तेलातनंसुद्धा आरामात मिळतं, त्यात जवळपास तिसरा हिस्सा तेच असतं, निम्मं ओलेइक, बाकी संपृक्त. खिळे जास्त मारले म्हणून घर मजबूत होत नाही.

मोहरीच्या तेलाचंही हल्ली लोक विचारतात, टीव्हीवर बघून. उंदरांना जुन्या जातीच्या रेपसीडचं तेल, ज्यात मोहरीसारखंच इरुसिक अॅसिड जास्त असतं, खायला घातल्यावर काही दिवसांत त्यांचं हृदय चरबीच्या थेंबांनी भरलं, म्हणून कॅनडावाल्यांनी इरुसिक कमी असलेली जातच तयार केली, तेच कॅनोला. उंदराचं हृदय इरुसिक नीट जाळू शकत नाही. माणसाचं उंदरासारखं होतंच असं नाही, बंगाली पिढ्यान्‌पिढ्या खातातच की. पण तेलानं थेट हृदयाच्या मांसावर काय होऊ शकतं ते डोळ्यांनी दिसण्यासारखं ह्यापेक्षा मोठं उदाहरण मला मिळालं नाही.

मग मामानं खायचं काय? डॉक्टरांनी दिलेला कागद अर्ध्या पानाचा होता. मीठ कमी, पाणी मोजून, साखर बंद, बेकरी बंद, तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. बांगडा खात असाल तर आठवड्याला दोनदा खा, तळून नाही. बांगड्यावर मामा खूश, गोव्याकडनं येतोच की आपल्याकडं. त्यातलं ओमेगा थ्री हृदयाच्या पेशीच्या पडद्यात जाऊन बसतं. शाकाहारी लोकांना जवसाची चटणी सांगतात, अगसी, ती चांगलीच, पण जवसातलं ओमेगा थ्री शरीराला आधी बदलून घ्यावं लागतं आणि फार थोडं बदलतं, त्यामुळं जवस म्हणजे बांगडा नव्हे. कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी चमचाभर चालू, ती मामानं भांडून मिळवली.

अर्धा लिटर ह्यावर मात्र आमच्या घाण्यात शांतता पसरली. हिशेब करा. चार माणसांचं घर आमच्याकडनं महिन्याला पाच किलोचा डबा नेतं. माणशी रोजचे चाळीस ग्रॅमच्या वर. हैदराबादच्या पोषण संस्थेनं २०१०च्या तक्त्यात बैठ्या कामाच्या पुरुषाला २५ ग्रॅम आणि बाईला २० सांगितलं होतं, ४० हे अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषाला. आजोबांच्या वेळी तेच गिऱ्हाईक होतं, दिवसभर शेतात मोट हाकणारं, नांगर धरणारं. आता त्याच घरातला नातू चिकोडीत ऑफिसला बसतो, तेलाचा डबा मात्र पाच किलोचाच राहिला. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही." मी सांगायला लागलोय. फार कुणी ऐकत नाही म्हणून धंदा अजून शाबूत आहे.

मामीनं मधेच एक शोध लावला होता, दोन दिवस कडक उपास केला तर हृदयातली चरबी जळून जाईल. तेही वाचलं होतं म्हणून अडवलं. हॉलंडमध्ये लायडनच्या डॉक्टरांनी चांगल्या तब्येतीच्या माणसांना तीन दिवस अर्धपोटी ठेवून एमआरआयच्या मशिनीत हृदयातली चरबी मोजली तर ती वाढलेली निघाली. कारण उपाशी राहिलं की अंगावरची चरबी रक्तात सुटते आणि हृदय ती उचलतं. पण त्याच डॉक्टरांनी डायबेटिसच्या जाड लोकांना, डझनभरच होते, १६ आठवडे देखरेखीखाली फार कमी कॅलरीवर ठेवलं, वजन उतरलं, आणि तेव्हा हृदयातली चरबी कमी झाली आणि ताठपणाही सुधारला. म्हणजे साठलेलं निघू शकतं. पण महिन्यांनी, दोन एकादश्यांनी नाही. आणि हार्ट फेल्युअरच्या माणसानं हे मनानं करायचंच नाही, गोळ्या चालू असतात, पाणी मोजलेलं असतं.

गोळ्यांचं एक सांगतो. मामाला त्यात एक डापाग्लिफ्लोझिन आहे. मुळात साखरेची गोळी, लघवीतनं साखर बाहेर टाकते. २०१९ला ४७०० वर हार्ट फेल्युअरच्या पेशंटांवर करून बघितली तर डायबेटिस नसलेल्यांनाही हृदयाला फायदा झाला. का होतो ह्याची अनेक उत्तरं देतात, त्यातलं एक असं की हृदयाला थोडे कीटोन मिळतात, चरबी आणि साखर दोन्हींच्या भांडणातनं सुटका देणारं तिसरं सरपण. मामा मात्र दुकानदाराशी वाद घालून आला, हार्टच्या चिठ्ठीवर शुगरची गोळी दिलीस म्हणून.

सहा महिन्यांनी परत इको झाला. इएफ ४६. वजन ८६चं ७९. चहा दोन कप, बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून. नेमकं कशानं सुधारलं, गोळ्यांनी, वजनानं की चहानं, हे डॉक्टरसुद्धा वेगळं काढून सांगत नाहीत, आणि आमच्यात तर प्रत्येकाचं मत वेगळं. मामीच्या मते खारी बंद केल्यानं. तिचीच कल्पना होती म्हणे.

परवा ती घाण्यावर आली होती. दोघांचं महिन्याचं, एक लिटर. मी मापून बाटली भरली तर म्हणते पाच किलोच्या डब्यावर तुझे बाबा पन्नास रुपये सोडत होते, हिच्यावर काय सोडतोस? मी म्हटलं मामी, एक लिटरवर काय सोडणार. ती म्हणाली, तूच कमी खायला सांगायचं आणि वर तूच पैसे पुरे घ्यायचे काय रे? बाबा आतनं पेंडीची पोती मोजत होते, त्यांनी तिथनंच आवाज दिला, "दे की रे तिला वीस रुपये कमी."